बासनातली जनुके आणि परत येणारी गाठ

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एकाच माणसाचे दोन ब्लॉक शेजारी शेजारी ठेवलेले होते. मेणात बसवलेला पहिला तुकडा चौदा महिन्यांपूर्वी काढलेल्या गालाच्या गाठीचा होता, आणि दुसरा त्याच जागेजवळ पुन्हा उगवलेल्या गाठीच्या बायॉप्सीचा. पहिला रिपोर्ट मीच लिहिला होता. गाठीच्या सगळ्या कडा मोकळ्या होत्या, म्हणजे कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, आणि सर्वांत जवळची कडसुद्धा ७ मिलिमीटरवर होती. मात्र मानेतल्या एका लसीका ग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आलेला असल्यामुळे शस्त्रक्रियेनंतर त्या गृहस्थांना किरणोपचाराचे ३३ शेक आणि सोबत सिसप्लॅटिन हे किमोचे औषध असे पूर्ण उपचार दिले गेले. त्यांनी एकही शेक चुकवला नाही. वीस वर्षे डाव्या गालात धरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तर निदान झाले त्या दिवसापासून सुटला होता. "कडा मोकळ्या होत्या म्हणता, तं मग हे आलं कुठून, साहेब?" असे त्यांनी मला विचारले.

मी मुखरोगांचा विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) आहे. माझे आयुष्य सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पाहण्यात जाते आणि रुग्ण माझ्यासमोर क्वचितच बसतात. त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले ते खरे होते, पण अपुरे होते. इतक्या बारीक पेशी मागे राहतात की त्या कोणत्याच काचेवर दिसत नाहीत, एवढेच मी म्हणालो. त्या मागे राहिलेल्या पेशी शेक आणि किमो दोन्ही पचवून जिवंत कशा राहिल्या, हा प्रश्नाचा खरा गाभा आहे, आणि गेल्या दीड-दोन दशकांत त्यावर जे संशोधन झाले आहे ते मराठीत नीट सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

गालाच्या आतले अस्तर सतत झिजत असते. तिखट, गरम घास, दातांचे घर्षण, चुना आणि सुपारीचे खरखरीत कण हे सगळे सोसून ते काही आठवड्यांच्या आत नवे होते, कारण अस्तराच्या सर्वांत खालच्या थरात मूलपेशी असतात. त्या स्वतः सावकाश विभागतात, स्वतःसारखी एक पेशी राखून ठेवतात आणि दुसरी वर पाठवतात, जी पुढे सपाट होऊन गळून पडते. गाठीतही अशीच उतरंड असावी, ही कल्पना प्रथम रक्ताच्या कर्करोगात सिद्ध झाली. १९९४ मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने दाखवले की रुग्णाच्या ल्युकेमियातल्या अगदी थोड्या, विशिष्ट खुणा असलेल्या पेशीच उंदरात तो रोग नव्याने उभा करू शकतात. डोके आणि मान यांच्या कर्करोगासाठी (तोंडाचा कर्करोग यातच मोडतो) तोच प्रयोग २००७ मध्ये मार्क प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. रुग्णांच्या गाठींतल्या पेशी सुट्या करून त्यांनी पृष्ठभागावर सीडी४४ हे प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या केल्या. सीडी४४ असलेल्या पेशी बहुतेक गाठींत दहा टक्क्यांहून कमी होत्या, तरी उंदरात नवी गाठ त्यांनीच उभी केली, आणि त्या नव्या गाठीत पुन्हा दोन्ही प्रकारच्या पेशी दिसल्या. त्याच लेखात आणखी एक नोंद होती, जी त्या वेळी मी वाचून पुढे गेलो होतो: या पेशींमध्ये बीएमआय१ नावाचे जनुक जास्त चालू असते. पुढची सगळी गोष्ट या जनुकाभोवती फिरते.

बीएमआय१ काय करते हे समजण्यासाठी एपिजेनेटिक्स हा शब्द उलगडावा लागेल. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची तीच पोथी असते, डोळ्याच्या पेशीत आणि जिभेच्या पेशीतही. तरी जिभेची पेशी डोळ्याची होत नाही, कारण पोथीतली तिला न लागणारी पाने बासनात गुंडाळून ठेवलेली असतात. अक्षर एकही पुसलेले नसते, फक्त पान उघडता येत नाही. अक्षर न बदलता होणाऱ्या या गुंडाळण्या-उघडण्याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. हे गुंडाळणे दोन प्रकारांनी होते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या हिस्टोनांवर ॲसिटिल गट बसले की वेढे सैल होतात आणि जनुक वाचता येते. ते गट काढून टाकणारी विकरे, म्हणजे हिस्टोन डीॲसिटिलेज, वेढे पुन्हा आवळतात. दुसरा प्रकार म्हणजे थेट डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गटाची छोटी चकती चिकटवणे, ज्यामुळे ते जनुक दीर्घकाळ बंद राहते. बीएमआय१ ज्या प्रथिनसमूहात काम करते तो, म्हणजे पॉलिकोम्ब, हिस्टोनांवर आणखी वेगळ्या खुणा उमटवून जनुके गप्प करतो. पेशीला विभागणे थांबवायला लावणारे पी१६ हे जनुक त्याच्या ठरलेल्या सावजांपैकी एक आहे.

हे सगळे बदल उलटवता येण्याजोगे आहेत, आणि या शाखेची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे. उत्परिवर्तन म्हणजे पोथीतले अक्षरच बदलणे. ते दुरुस्त करणारी गोळी आपल्याकडे नाही. बासन मात्र सोडता येते.

ते सोडणाऱ्या औषधांचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो सरळ रेषेत गेलेला नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या शार्लट फ्रेंड यांनी पाहिले की उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी डायमिथाइल सल्फॉक्साइड या साध्या द्रावकात वाढवल्या, तर त्या हिमोग्लोबिन तयार करू लागतात. म्हणजे कर्करोगाची पेशी मेली नव्हती, ती जाणती होऊन तांबड्या रक्तपेशीच्या वाटेला लागली होती. पॉल मार्क्स, रिचर्ड रिफकिंड आणि रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी याच गुणाचे अधिक प्रभावी रेणू घडवत नेले. त्यांतला एक रेणू पेशीत नेमका हिस्टोन डीॲसिटिलेजला अडवतो हे पुष्कळ नंतर कळले, आणि २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (लसीका पेशींच्या कर्करोगासाठी) व्होरिनोस्टॅट या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरे औषध ॲझासायटिडीन. ते १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झाले आणि अनेक वर्षे मोठ्या मात्रेत, पेशी मारणारे विष म्हणूनच वापरले गेले. १९८० मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवले की या औषधाने डीएनएवरचे मिथाइल गट कमी होतात आणि पेशींची ओळखच बदलते. मग मात्रा कमी केली गेली, आणि अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी, २००४ मध्ये ते मान्य झाले. कमी मात्रेत जे साधले ते जास्त मात्रेत साधले नव्हते, ही बाब मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

आता बीएमआय१कडे परत येतो. लॉस एंजेलिसच्या कन-यू वांग यांच्या गटाने २०१७ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना पिण्याच्या पाण्यातून एक रसायन देऊन त्यांच्या जिभेवर खराखुरा कर्करोग होऊ दिला आणि गाठीतल्या बीएमआय१ असलेल्या पेशींना जनुकीय युक्तीने रंग दिला, म्हणजे त्या पेशी आणि त्यांची सारी संतती नजरेत राहावी. या पेशी सावकाश विभागत होत्या, आसपासच्या ऊतीत शिरत होत्या आणि मानेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचत होत्या. सिसप्लॅटिन दिल्यावर बाकीची गाठ आक्रसली, पण रंगवलेल्या पेशी टिकल्या. बीएमआय१ला रोखणारा रेणू सिसप्लॅटिनसोबत दिल्यावर दोन्ही मिळून जे झाले ते एकेकट्याने झाले नव्हते: गाठ लहान झाली आणि ग्रंथींमधला प्रसारही कमी झाला. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवले की पीडी-१ प्रकारच्या इम्युनोथेरपीनंतरही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारपेशींना गाठीविरुद्ध मोकळे करणाऱ्या उपचारानंतरही, याच पेशी मागे राहतात, आणि बीएमआय१ रोखले तर त्या तर संपतातच, शिवाय गाठीकडे प्रतिकारपेशींची ओढही वाढते. मी माझ्या काचांवर आसपासच्या ऊतीत शिरणाऱ्या गाठीच्या टोकाला जे विखुरलेले, सुटे सुटे पेशींचे पुंजके पाहतो, त्यांच्याकडे हे लेख वाचल्यापासून माझी नजर अधिक वेळ थांबते. मधला केराटिनचा मोठा गोल मोती डोळ्यांत भरतो, पण धोका त्या टोकाच्या चार पेशींत असतो.

पण मूलपेशी म्हणजे गाठीत लपलेला एक ठरावीक शत्रू, आणि त्याला टिपले की काम संपले, असे चित्र रंगवणे मला मान्य नाही. अधिक खोलवरचे चित्र सिंगापूरच्या रामानुज दासगुप्ता आणि अंकुर शर्मा यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडले. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपासून वाढवलेल्या पेशींना त्यांनी टप्प्याटप्प्याने सिसप्लॅटिन दिले आणि प्रत्येक टप्प्यावर एकेका पेशीतली चालू जनुके मोजली. ज्या गाठीत मुळातच नाना प्रकारच्या पेशी होत्या, तिथे आधीपासून औषधाला न जुमानणाऱ्या पेशी निवडल्या जाऊन वाढल्या. ज्या गाठीतल्या पेशी एकसारख्या होत्या, तिथे मात्र असे कोणी आधी नव्हतेच. तिथल्या पेशींनी औषधाच्या दाबाखाली स्वतःचे रूप बदलले. सॉक्स२ हे मूलपेशीचे जनुक मावळले, सॉक्स९ उगवले, आणि अर्धवट बांधून तयार ठेवलेली प्रतिकाराची जनुके हिस्टोनांवरच्या नव्या ॲसिटिल खुणांनी उघडली गेली. त्या खुणा वाचणाऱ्या बीआरडी४ या प्रथिनाला जेक्यू१ नावाच्या रेणूने अडवल्यावर हा बदल मागे फिरवता आला.

याचा अर्थ मी असा घेतो की मूलपेशीपण ही कोणत्याही पेशीला चढू शकणारी अवस्था आहे. आपण दिलेले उपचारच कधी कधी ती चढवतात. म्हणून एपिजेनेटिक औषधाचे काम मारेकऱ्याचे कमी आणि वाट अडवणाऱ्याचे जास्त आहे. सिसप्लॅटिनच्या तडाख्यातून पेशी जी पळवाट शोधते, ती वाट त्याच वेळी बंद असली पाहिजे. आधी किमो, मग काही महिन्यांनी गाठ परत आल्यावर बासन सोडणारे औषध, या क्रमाने फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

आणि बासन सोडणारा हात आंधळा असतो, हेही सांगितले पाहिजे. मिशिगनच्या रोजेरिओ कास्टिल्हो आणि जाक नॉर यांच्या गटाने २०१३ मध्ये डोके-मान कर्करोगाच्या पेशींवर हिस्टोन डीॲसिटिलेज रोखणारे औषध वापरले. मूलपेशींचे प्रमाण घटले, ही त्यातली आनंदाची बाजू. त्याच वेळी उरलेल्या पेशींनी अस्तराचे रूप टाकून लांबुळक्या, सरकत्या पेशींचे रूप घ्यायला सुरुवात केली, आणि तेच रूप आसपास शिरण्याशी जोडलेले आहे. सगळी बासने एकदम सैल केली तर हवे ते पान उघडेल तसेच नको तेही उघडेल. या एका लेखामुळे, अशा औषधांबद्दल उत्साहाने बोलताना माझा स्वर मी खाली ठेवतो.

ॲझासायटिडीनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हे औषध काम करण्यासाठी डीएनएच्या नव्या धाग्यात विणले जावे लागते, म्हणजे पेशी विभागत असावी लागते. जी पेशी स्वस्थ पडून राहते तिच्यापर्यंत ते पोहोचणार कसे? एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात हे औषध विषाणूची जनुके दाबते आणि पेशीचे पी५३ हे रक्षक प्रथिन पुन्हा उभे करते, असे येल विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, आणि ते काम मोलाचे आहे. पण विदर्भात माझ्या टेबलावर येणाऱ्या गाठी बहुतांशी गाल, हिरडी आणि जिभेच्या असतात, आणि त्यांच्यामागे विषाणू नसून खर्रा, गुटखा आणि तंबाखू असते. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील असे धरून चालता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांचे चित्र या सगळ्याशी जुळते. परत आलेल्या किंवा पसरलेल्या डोके-मान कर्करोगात एकटे व्होरिनोस्टॅट २००८ मध्ये आणि त्याच जातीचे रोमिडेप्सिन एकटे २०१२ मध्ये छोट्या गटांत तपासले गेले, आणि गाठी खात्रीने आक्रसल्याचे दिसले नाही. व्होरिनोस्टॅट इम्युनोथेरपीच्या पेम्ब्रोलिझुमॅबसोबत दिल्यावर मात्र, २०२० च्या एका चाचणीत, डोके-मान कर्करोगाच्या २५ रुग्णांपैकी ८ जणांच्या गाठी अंशतः आक्रसल्या. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे यातले श्रेय कोणत्या औषधाचे किती, हे त्या आकड्यावरून ठरत नाही, आणि एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा थकवा, मळमळ यांसारखे त्रास अधिक होते. तरी जोडीने देण्याची दिशा बरोबर असावी असे मला वाटते. बासने सैल झाली की गाठीच्या पेशी प्रतिकारशक्तीपासून लपवून ठेवलेल्या खुणा पुन्हा पृष्ठभागावर मांडू लागतात, असे उंदरांत दिसले आहे.

इथे व्हॅलप्रोएटबद्दल थोडे सांगतो, कारण ते अनेकांच्या घरात असते. आकडीसाठी वर्षानुवर्षे दिले जाणारे हे स्वस्त औषध हिस्टोन डीॲसिटिलेजलाही अडवते, हे २००१ मध्ये कळले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदी पाहून २०१४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, हे औषध किमान वर्षभर घेणाऱ्यांमध्ये डोके-मान कर्करोग सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. नोंदींवरून केलेला अभ्यास कारण सिद्ध करत नाही, आणि यकृताला इजा, गर्भातल्या बाळाला व्यंग असे या औषधाचे धोके गंभीर आहेत. कर्करोग टळावा म्हणून कोणीही ते स्वतःच्या मनाने घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तशीच एक चीड मांडायची आहे. त्या गृहस्थांच्या मुलाने मला मोबाइलवर एका खासगी दवाखान्याची जाहिरात दाखवली. तोंडाच्या कर्करोगावर 'स्टेम सेल थेरपी', आणि त्यासाठी घराचे अर्धे शेत विकावे लागेल एवढी रक्कम. कर्करोगाच्या मूलपेशींना लक्ष्य करणारी औषधे आणि शरीरात मूलपेशी सोडण्याचा उपचार या एकमेकांच्या उलट दिशेच्या गोष्टी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही विकारांतले मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे, बाकी सारे अधिकृत चाचण्यांतच व्हायला हवे आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्या मुलाला मी हे कागदावर लिहून दिले. शेत अजून त्यांच्याकडेच आहे.

आपल्या गाठींचा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल असे मी म्हणतो, त्याला ठोस कारण आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पाच्या भारतीय गटाने, ज्यात खारघरची ॲक्ट्रेक ही टाटा स्मारक केंद्राची संस्था आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकसंशोधन संस्था होती, २०१३ मध्ये गाल आणि हिरडीच्या ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या. नेहमीच्या बिघडलेल्या जनुकांसोबत त्यांना एमएलएल४ आणि एआरआयडी२ ही जनुके वारंवार बिघडलेली सापडली, आणि ही दोन्ही हिस्टोनांच्या खुणा व वेढे सांभाळणारी आहेत. म्हणजे तंबाखू-सुपारीच्या गाठींत पोथी बांधून ठेवणाराच जायबंदी झालेला असतो. अशा गाठींना बासने सैल करणारे औषध अधिक लागू पडेल की अधिक घातक ठरेल, हे इथल्या ऊतींवर तपासल्यावाचून कोणीही सांगू शकणार नाही.

ते तपासण्याची ताकद इथे आहे याबद्दल मला शंका नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने परत आलेल्या डोके-मान कर्करोगात निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची अवघी २० मिलिग्रॅम मात्रा, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, तोंडावाटे घ्यायच्या तीन स्वस्त औषधांना जोडून दिली, आणि वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषधाची किंमत आणि रुग्णाचा खिसा दोन्ही पाहून उभी केलेली ही चाचणी जगभर वाचली गेली. कमी मात्रेत काम करणाऱ्या एपिजेनेटिक औषधांसाठी याहून योग्य नमुना मला दिसत नाही.

माझ्या टेबलापुरते मी एवढे केले आहे. गाठ परत आली की आमच्याकडे बहुतेकदा सुईने चार पेशी काढून निदान पक्के केले जाते आणि फाइल मिटते. त्याऐवजी रुग्णाच्या संमतीने पुरेसा तुकडा घ्यावा, आणि जुना ब्लॉक कपाटातून काढून दोन्हींचे पातळ काप एकाच दिवशी घेऊन शेजारी शेजारी रंगवावेत, असा आग्रह मी शल्यचिकित्सकांकडे धरला आहे. सीडी४४, बीएमआय१, सॉक्स२, सॉक्स९. त्या गृहस्थांचे दोन ब्लॉक या कामातले पहिले. त्यांच्या पहिल्या गाठीत बीएमआय१चा तपकिरी रंग शिरणाऱ्या टोकाला, तुरळक केंद्रकांत होता. दुसऱ्या गाठीत तो पुंजक्या-पुंजक्यांनी आतपर्यंत पसरलेला आहे. एका माणसाच्या दोन काचांवरून काहीही सिद्ध होत नाही. त्यांना मी त्या दोन्ही काचा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. बराच वेळ डोळा लावून पाहिल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हे पहिल्या वेळीच तिथं होतं." मी हो म्हणालो, आणि पुढच्या रुग्णाचा जुना ब्लॉक काढायला कपाटाकडे गेलो.